पृथ्वीची वाट ओलांडणारे लघुग्रह

हिंगोली जिल्हा काळ्या पाषाणावर वसलेला आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून शिलारसाचे लोटच्या लोट बाहेर पडले, एकावर एक थिजले, आणि त्यांच्या झिजेपासून कापसाची व हळदीची ही काळीभोर जमीन तयार झाली. हाच पाषाण पुढें बुलढाणा जिल्ह्यांतहि पसरलेला आहे. आणि हिंगोली शहरापासून सरळ रेषेनें सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर अंतरावर, लोणार येथें, त्यांत एक वाटोळें विवर पडलेलें आहे. त्याचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर असून तळाशीं खाऱ्या पाण्याचें सरोवर आहे. लवणासुर नांवाचा दैत्य येथें भूमीखालीं दडून राहात होता व विष्णूनें त्याचा वध केला, अशी कथा त्या गांवीं सांगतात. दैत्यसूदनाचें प्राचीन देवालय त्याच कथेशीं निगडित आहे.

१८२३ सालीं अलेक्झांडर नामक इंग्रज अधिकाऱ्यानें या स्थळाची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ पुष्कळ विद्वान् हें ज्वालामुखीचें मुख समजत. समजूत स्वाभाविक होती; चहूंकडे लाव्हाच पसरलेला, मग विवर दुसऱ्या कशाचें असणार? परंतु १९७३ सालीं फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांनीं येथील खडकांचें परीक्षण प्रसिद्ध केलें. त्यांत प्रचंड दाबाखालीं ज्यांचें कांचेंत रूपांतर झालें आहे असे खनिजकण आढळले. असा दाब ज्वालामुखींत उत्पन्न होत नाहीं. तो केवळ आकाशांतून वेगानें आलेल्या वस्तूच्या आघातानेंच संभवतो. ही घटना पन्नास हजार वर्षांपूर्वींची असावी असा पूर्वीं अंदाज होता. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या कालमापनानें ती सुमारें ५ लक्ष ७० हजार वर्षांपूर्वींची ठरली.

एवढा आघात करणारा पाषाण आला कोठून, आणि त्याचे भाऊबंद अजून त्या वाटेनें हिंडत आहेत काय, हा प्रश्न लोणारच्या कांठावर उभ्या राहणाऱ्या कोणाहि विचारी मनुष्यास पडावा. भाऊबंद आहेत, आणि थोडेथोडके नाहींत. मंगळ व गुरु यांच्या दरम्यान लक्षावधि लघुग्रह सूर्याभोंवतीं फिरतात. गुरूच्या आकर्षणामुळें त्यांतील कांहींच्या कक्षा हळूहळू लांबट होतात व ते आंत, सूर्याकडे येऊं लागतात. जो लघुग्रह आपल्या प्रदक्षिणेंत सूर्यापासून साडेएकोणीस कोटी किलोमीटरांच्या आंत येतो, त्यास पृथ्वीसमीप लघुग्रह म्हणतात. असे पस्तीस हजारांहून अधिक आजवर सांपडले आहेत. ‘समीप’ या शब्दानें मात्र फसूं नये. समीप असते ती त्याची वाट. तो स्वतः त्या क्षणीं सूर्याच्या पलीकडेहि असूं शकतो.

या लघुग्रहांचे चार गट पाडले आहेत, आणि ते आकारावरून किंवा घटकांवरून नव्हे, तर वाटेवरून. पृथ्वीची कक्षा अगदीं वाटोळी नाहीं. जानेवारीच्या आरंभीं ती सूर्यापासून १४ कोटी ७१ लक्ष किलोमीटर अंतरावर असते, तर जुलैच्या आरंभीं १५ कोटी २१ लक्ष किलोमीटर. म्हणजे पन्नास लक्ष किलोमीटर रुंदीचा एक पट्टा हें पृथ्वीचें वावर झालें. त्याला एक आंतला बांध व एक बाहेरचा. जो लघुग्रह बाहेरच्या बांधापर्यंत येतो पण तो ओलांडीत नाहीं, तो आमोर गटांतला. ज्याचें वर्ष आपल्या वर्षाहून मोठें असून जो बाहेरून येऊन तो बांध ओलांडतो, तो अपोलो गटांतला. ज्याचें वर्ष आपल्याहून लहान असून जो आंतून येऊन आंतला बांध ओलांडतो, तो आटेन. आणि जो आंतल्या बांधाच्या आंतच राहतो, कधींहि बाहेर पडत नाहीं, तो आतीरा.

हीं नांवें त्या त्या जातीच्या नमुनेदार लघुग्रहांवरून पडलीं. १९३२ सालच्या मार्चमध्यें बेल्जममध्यें देलपोर्त यांना आमोर सांपडला, व पुढच्याच महिन्यांत हायडेलबर्ग येथें राइनमुथ यांना अपोलो. अपोलो मात्र लागलीच हरवला, तो १९७३ पर्यंत हातीं लागला नाहीं! आटेन १९७६ सालीं एलिनोर हेलिन या विदुषीनें पालोमार येथें शोधला. आतीरा २००३ सालीं आढळला. आमोर गटाचें एक जुनें उपकारहि आहे. १८९८ सालीं सांपडलेला एरॉस याच गटांतला. १९३०-३१ सालीं तो जवळ आला असतां घेतलेल्या वेधांवरून सूर्याचें अंतर अधिक सूक्ष्मतेनें ठरवितां आलें.

आतां लोणारकडे वळावें. तेथें आदळलेला पाषाण आघाताबरोबर नष्ट झाला. परंतु आपल्या शेवटच्या फेरींत तो आमोर नव्हता व आतीराहि नव्हता, हें निश्चित. बांध न ओलांडणारा वावरांत येणार कसा? तो अपोलो असला पाहिजे किंवा आटेन.

परंतु बांध ओलांडणारा प्रत्येक जण धडकतोच असें नाहीं. आगगाडीच्या रुळावरून जाणारा पूल नकाशावर रुळाला छेदतो. प्रत्यक्षांत तो पंचवीस फूट वर असतो. बहुतेक लघुग्रहांच्या कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशीं अशाच कललेल्या असतात. म्हणून ज्योतिर्विद दोन वाटांमधील कमीत कमी अंतर काढतात. तें ७५ लक्ष किलोमीटरांहून कमी आणि पाषाण सुमारें १४० मीटरांहून मोठा असेल, तरच त्यास धोक्याचा संभव असलेला म्हणतात. वर्तमानपत्रांचे मथळे हा भेद क्वचितच पाळतात.

२०२४ वायआर४ या लघुग्रहाच्या वेळीं हेंच झालें. हा अपोलो गटांतला, सुमारें ६० मीटरांचा. पृथ्वीजवळून तो २५ डिसेंबर २०२४ रोजीं गेला आणि चिलीमधील दुर्बिणीस दिसला २७ डिसेंबरला. २२ डिसेंबर २०३२ रोजीं तो आदळण्याचा संभव १८ फेब्रुवारी २०२५ रोजीं शेंकडा ३.१ पर्यंत चढला. आघाताची संभाव्य रेषा पॅसिफिक महासागरापासून आफ्रिका व अरबी समुद्रावरून दक्षिण आशियापर्यंत येत होती, त्यामुळें मुंबईच्या घरोघरीं त्याची चर्चा झाली. आठवड्याभरांत तो संभव जवळजवळ शून्यावर आला. शास्त्रज्ञांनीं शब्द फिरविला, असें अनेकांस वाटलें; तें खरें नव्हे. आरंभीं वेध थोडे असतात, तेव्हां तो पाषाण त्या दिवशीं कोठें असेल याचा पट्टा फार लांब निघतो व पृथ्वी त्यांतील एक ठिपका असते. वेध वाढतात तसा पट्टा आंखडतो, ठिपका मात्र तेवढाच राहतो. साहजिकच त्याचा वांटा वाढतो. शेवटीं पट्टा आणखी आंखडला कीं पृथ्वी एकदम त्याच्या बाहेर पडते. आंकडा चढून मग कोसळणें, हें गणित बिनचूक चालल्याचें लक्षण होय.

खरी अडचण दुसरीच आहे. १६ ऑगस्ट २०२० रोजीं तीन ते सहा मीटरांचा एक अपोलो, २०२० क्यूजी, हिंदी महासागराच्या दक्षिण भागावरून केवळ २,९५० किलोमीटर उंचीनें निघून गेला. पालोमारच्या दुर्बिणीनें टिपलेल्या छायाचित्रांतील त्याची रेघ प्रथम ओळखली ती पवईच्या आय.आय.टी.मधील एका विद्यार्थ्यानें. परंतु तें छायाचित्रच पाषाण निघून गेल्यावर सुमारें सहा तासांनीं घेतलेलें होतें! तो सूर्याच्या दिशेनें आला होता. १५ फेब्रुवारी २०१३ रोजीं रशियांतील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारें वीस मीटरांचा जो पाषाण फुटला, ज्यानें खिडक्यांच्या कांचा उडून दीड हजारांच्या आसपास माणसें जखमी झालीं, तोहि सूर्याच्याच दिशेनें. दिव्यामागें उभा असलेला मनुष्य दिसूं नये, तसें हें आहे. आटेन तर वर्षाचा बहुतेक काळ या झगझगाटांतच काढतात, आणि आतीरा संध्याकाळीं वा पहांटे क्षितिजालगत थोडा वेळ शोधावे लागतात. म्हणूनच या शेवटच्या गटांत आजवर कांहीं डझनच लघुग्रह गणले गेले. ते कमी आहेत म्हणून कमी दिसतात, असें मानण्याची घाई करूं नये.

औंढा तालुक्यांत लायगो-इंडिया या वेधशाळेस एप्रिल २०२३ मध्यें केंद्र सरकारनें मंजुरी दिली आहे, ती या कामाची नव्हे, हें येथें सांगितलेलें बरें. दूरच्या कृष्णविवरांच्या मीलनाच्या लहरी ती टिपणार. जवळून जाणारा पाषाण तिच्या गांवींहि नसेल.

गुरुत्वाकर्षणाचा हात मात्र लघुग्रहांच्या बाबतींतहि स्पष्ट दिसतो. २०२० क्यूजीची दिशा पृथ्वीनें सुमारें ४५ अंशांनीं वळविली. अर्थात् हे गट म्हणजे जन्मजात कुळें नव्हेत. २००४ सालीं सांपडलेला, सुमारें साडेतीनशें मीटरांचा अपोफिस आज आटेन आहे; त्याचें वर्ष ३२४ दिवसांचें. निदान शंभर वर्षें तो पृथ्वीवर आदळणार नाहीं, हें २०२१ च्या रडार-वेधांनीं ठरलें आहे. आपल्या घड्याळाप्रमाणें १४ एप्रिल २०२९ च्या पहांटे सव्वातीनच्या सुमारास तो भूपृष्ठापासून सुमारें ३२ हजार किलोमीटरांवरून, म्हणजे दूरचित्रवाणीच्या उपग्रहांच्याहि खालून, निघून जाईल. त्या ओढीनें त्याची कक्षा विस्तारेल, त्याचें वर्ष आपल्या वर्षाहून मोठें होईल, आणि त्याचें नांव आटेनांच्या यादींतून काढून अपोलोंच्या यादींत घालावें लागेल.