परसांतील झांकण



दाराच्या कडीकोयंड्याला नेमानें तेल घालणारे गृहस्थ पुष्कळ आढळतात. परंतु परसांतील सेप्टिक टँकचें झांकण वर्षांतून एकदां तरी न्याहाळणारा गृहस्थ विरळा. मीहि ह्याच बहुसंख्यांपैकीं होतों. आमच्या झांकणावर क्रोटनच्या दोन कुंड्या वीस वर्षें सुखानें नांदत होत्या, आणि माझा सात वर्षांचा नातू तेथेंच उड्या मारी. गेल्या वैशाखांत कुंड्या हलवितांना मला केसासारखी एक भेग दिसली. काठीनें ठोकून पाहिलें, तों फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला.

गवंडी तरुण होता. तो म्हणाला, "गुरुजी, वरून सिमेंटचा हात मारतो, भेग दिसणार नाही." त्याच्याबरोबरचा म्हातारा कारागीर हंसला. "दुखणं पोटात हाय, आन् मलम पाठीला?" दोघांनीं पहारीनें झांकण बाजूला सरकविलें. खालची बाजू भिजल्या खडूसारखी भुसभुशीत झाली होती आणि गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या.

असें कां होतें? टाकींत मैला कुजतांना हायड्रोजन सल्फाईड नांवाचा वायु निघतो. झांकणाच्या ओलसर पोटावरील सूक्ष्म जंतु त्याचें गंधकाम्ल बनवितात. तें अम्ल सिमेंट खातें. मग सळया गंजून फुगतात व काँक्रीट फोडतात. पस्तीस वर्षें वर्गांत गंधकाम्लाचे गुणधर्म सांगणाऱ्या मला ते स्वतःच्या परसांत ठाऊक नव्हते!

असें झांकण लिंपूं नये, बदलावें. नवें झांकण तीन-चार इंच जाडीचें असावें. भार पडला म्हणजे ताण तळाला बसतो. म्हणून सळया तळाकडे, परंतु काँक्रीटमध्यें पूर्ण बुडालेल्या असाव्यात. उचलण्याच्या कड्या आधींच बसवाव्यात, आणि निदान सात दिवस पाणी मारीत राहावें. तोंवर आम्हीं टाकीच्या तोंडावर जाड लोखंडी पत्रा टाकून भोंवतीं बांबूचें कुंपण केलें होतें. तोंडाची कड जमिनीहून उंच ठेवावी, म्हणजे पावसाचें पाणी शिरत नाहीं. कडेच्या फटी बुजवाव्यात, पण पुढें मैला उपसतांना झांकण फोडावें लागेल इतक्या पक्क्या नव्हेत. वायु जाण्याच्या नळीच्या तोंडाला डासांसाठीं बारीक जाळी लावावी.

आतां मुख्य गोष्ट. झांकण निघतांच तो तरुण गवंडी म्हणाला, "आत उतरून कड बघतो." म्हाताऱ्यानें त्याचा दंड घट्ट धरला. त्या वायूला कुजक्या अंड्यांचा वास येतो खरा. परंतु प्रमाण वाढलें कीं नाकच बधिर होतें, आणि वास गेला म्हणजे धोका गेला असें समजणारा मनुष्य पाहतां पाहतां बेशुद्ध पडतो. त्याला काढावयास उतरलेला दुसराहि तेथेंच राहतो. म्हणून कोणी पडलाच तर मागोमाग उतरूं नये. अग्निशामक दलास १०१ वर बोलवावें. टाकीजवळ काडीहि ओढूं नये, कारण आंत मिथेन असतो. मैला उपसावयाचा तो पंपाच्या गाडीनें, वरूनच. संरक्षक साधनांवांचून टाकी साफ करावयास माणूस उतरविणें हा २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. अशा कामांत मृत्यु आल्यास कुटुंबास द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली.

त्या तरुणाचा मुलगा माझ्या नातवाच्याच वर्गांत आहे, हें मला मागाहून कळलें. त्या दिवशीं त्याला थांबविण्याचें काम माझें होतें. तें त्या म्हाताऱ्यानें केलें. आपल्या घरीं तें आपण करावें, आणि दरवर्षीं मृगापूर्वीं काठी घेऊन परसांत एकदां जावें, एवढीच विनंती.