पगार आणि कुंपण

(तांजोंग पगार, सिंगापूर येथील कौटुंबिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



ज्या भागात आज आपण जमलो आहोत, त्याच्या नावात ‘पगार’ हा शब्द आहे. मलय भाषेत ‘तांजोंग’ म्हणजे भूशिर आणि ‘पगार’ म्हणजे कुंपण. मासे धरण्यासाठी किनाऱ्यालगत रोवलेल्या खुंटांवरून हे नाव पडले, असे सांगतात. आपल्या मराठीतला ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला. त्याचा अर्थ वेतन. आपल्या समाजाच्या शिक्षणाच्या इतिहासात हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी उभे आहेत. पगार मिळाला, पण कुंपण गेले काय? एका तरुण शिक्षिकेच्या चरित्राच्या आधारे आम्ही हा प्रश्न आपल्यापुढे मांडीत आहोत.

शांताबाई कृष्णाजी कांबळे, माहेरच्या नाजा, यांचा जन्म १९२३ साली सोलापूर जिल्ह्यातील महूद या गावी एका गरीब महार कुटुंबात झाला. त्याच वर्षी ४ ऑगस्ट रोजी मुंबई कायदे कौन्सिलने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले, पण कागदावर. म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यापर्यंत चालत जावे लागले. नाजा तेव्हा चार वर्षांची होती.

हीच मुलगी शिकली आणि १९४२ मध्ये, वयाची विशी उलटण्यापूर्वीच, सोलापूर जिल्ह्यात शिक्षिका झाली. त्या काळी अशा शिक्षिकेचे नवे आयुष्य कसे सुरू होत असेल, याची कल्पना करा. हजेरीपटावर सही झाली, गाव ‘बाई’ म्हणू लागले. पण शाळा सुटल्यावर राहायचे कोठे? पाणी कोणी द्यायचे? मुले पाटीवर बाईंचे अक्षर गिरवीत आणि त्यांच्याच घरची माणसे बाईंच्या भांड्यात वरून पाणी ओतीत, हे कित्येक गावांतले चित्र होते. अशा ठिकाणी मैत्री ही चैन नव्हती. कोणाच्या ओट्यावर बसता येते, दुखणे आले तर कोण दार ठोठावते, यावर त्या नोकरीत टिकणे अवलंबून असे.

शांताबाई टिकल्या. संसारात मोठे आघात झाले. पतीने दुसरा विवाह केला तेव्हा त्यांनी ते घर सोडले. पुढे पुण्यास शिक्षिकांचे प्रशिक्षण घेतले आणि सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून काम केले. निवृत्तीनंतर त्यांनी ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ लिहिली. १९८६ साली ग्रंथरूपाने आलेले हे आत्मकथन दलित स्त्रीच्या पहिल्या आत्मकथनांपैकी एक होय. त्यावरील ‘नाजुका’ ही मालिका दूरदर्शनवर झाली. जानेवारी २०२३ मध्ये, शंभरीला थोडेच दिवस उरले असता, त्यांचे निधन झाले.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले की, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही एकमेकांपासून तोडता येत नाहीत. कायदा समता देऊ शकतो. बंधुता माणसांनीच एकमेकांना द्यावी लागते. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात ते करुणेच्याही पुढे जाऊन मैत्रीकडे येतात. करुणा मनुष्यमात्रासाठी असते, मैत्री प्राणिमात्रासाठी.

आता आपल्याकडे पाहू. याच परिसरात २००९ साली पूर्ण झालेल्या सात पन्नासमजली इमारतींत १८४८ सदनिका आहेत. १८४८ म्हटले की आपल्याला भिडेवाडा आणि सावित्रीबाई आठवतात. सरकारी सदनिकांत एकाच वंशाची वस्ती एकवटू नये म्हणून येथे १९८९ पासून नियम आहे. परंतु नियमाने शेजारी मिळतो, मित्र मिळत नाही.

आम्ही पेशाने डॉक्टर. परदेशी नोकरीस आलेली तरुण मुले-मुली आमच्याकडे येतात. झोप नाही, अन्न जात नाही, छातीत धडधडते. तपासण्यांत काही निघत नाही. ‘येथे तुमचे कोण आहे?’ असे विचारले की डोळे भरून येतात. आपल्या मुलांना आणखी एक भय असते. मराठी मंडळींत ‘आडनाव काय, गाव कोणते?’ हा प्रश्न आला की ती अर्धेच उत्तर देतात, आणि मग मैत्रीही अर्धीच राहते.

म्हणून आमच्या दोन विनंत्या आहेत. नवी शिक्षिका, परिचारिका वा अभियंता या शहरात आला, तर पहिल्याच महिन्यात त्याला घरी जेवायला बोलवा. वर्षातून एकदा जयंतीला भेटणे पुरेसे नाही. दुसरी विनंती अधिक कठीण आहे. आपल्या घरात राबणाऱ्या मदतनीस भगिनीचा कप वेगळा आहे काय? ती आपल्या टेबलाशी बसून जेवते काय? वरून ओतलेले पाणी ज्यांच्या आजीने प्यायले, त्यांच्या घरात वेगळा कप असता कामा नये. आपला पगार वाढला आणि आपणच कुंपण घालू लागलो, तर चवदार तळ्यापर्यंतची ती वाट आपण विसरलो असेच म्हणावे लागेल.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.