आपत्तीचे शिक्षण



आपत्ती-व्यवस्थापन शिकावे काय, असे तरुण मला विचारतात. मी कॉलेज पाहिले नाही. तरी सांगतो, अवश्य शिका. पण पहिला धडा गोदीत घ्या. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज पेटले. पोटात कापूस आणि दारूगोळा एकत्र! धोक्याचे लाल निशाण मात्र वर चढवलेले नव्हते. अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले. त्यांचे धैर्य कमी पडले काय? नाही, कमी पडली ती आधीची खबरदारी. २००५ साली कायदा झाला, अभ्यासक्रम निघाले. ते जरूर शिका. पण कामावर गेलात की साहेबाचा नकाशा उलगडण्याआधी हमालाला विचारा, "मामा, या पोत्यांत काय भरले आहे?" पदवी त्यानंतर कामी येईल.