गाडीची माहिती कोणाकडे जाते? ट्रलीतल्या बैठकीतलं भाषण



आज गाडीतल्या माहितीबद्दल बोलायचं आहे, पण आधी दारूचं बोलू. कारण खासगीपणाचा विषय काढला की लगेच कोणीतरी विचारतं, "का, पिऊन चालवायची आहे का?" तशी सूट या गावात मागून झालेली आहे. जानेवारी 2013 मध्ये इथल्याच केरी काउंटी कौन्सिलने 5 विरुद्ध 3 मतांनी ठराव केला होता, की खेड्यात एकटे पडलेल्या लोकांना दोन-तीन ग्लास घेऊन घरी गाडी नेण्याचा खास परवाना मिळावा. सरकारने ते मानलं नाही, आणि बरंच झालं. आपली मागणी ती नाही.

आपल्यापैकी अनेकांना तर नियम जास्तच कडक आहे. इथे 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम अल्कोहोल ही सर्वसाधारण मर्यादा. पण शिकाऊ परवानावाले, पहिली दोन वर्षं एन-प्लेट लावणारे, आणि टॅक्सी, बस, ट्रक चालवणारे यांना फक्त 20. भारतीय लायसन्स इथे बदलून मिळत नाही. म्हणजे पुण्यात पंधरा वर्षं गाडी चालवलेला माणूसही इथे नवशिकाच! भारतात मर्यादा 30 आहे, इथे त्याहून कमी. रात्री उशिरापर्यंत पार्टी आणि सकाळी सातची ड्युटी, हे गणित जमत नाही. नाक्यावर गार्डाने फुंकायला सांगितलं तर फुंकायचं. नकार देणं हाच गुन्हा आहे.

मग वाद कशाचा? नाक्यावरची तपासणी समोरासमोर होते आणि कशासाठी होते ते आपल्याला माहीत असतं. गाडी मात्र गुपचूप नोंद ठेवू शकते.

7 जुलै 2024 पासून युरोपात नव्याने नोंदल्या जाणाऱ्या कार आणि व्हॅनमध्ये चालक पेंगायला लागला की इशारा देणारी यंत्रणा लागते, आणि अपघाताच्या आगेमागच्या काही सेकंदांची नोंद ठेवणारा रेकॉर्डरही. पण कायद्याने त्याला कुंपण घातलंय. पेंगण्याची माहिती बाहेर कोणाला द्यायची नाही, काम झालं की लगेच पुसायची. रेकॉर्डरमध्ये मालकाची ओळख पटेल असं काही ठेवायचं नाही. सरकारला ती नोंद मिळते ती फक्त अपघातांच्या अभ्यासासाठी. थोडक्यात, गाडीने चालकाला जागं करावं, त्याची चुगली करू नये. अमेरिकेत 2021 च्या कायद्याने प्यालेला चालक ओळखून गाडी अडवणारी यंत्रणा नव्या गाड्यांत आणायचं ठरवलं. तिथेही लोक हेच विचारतायत, की ती माहिती जाणार कुठे?

हे कुंपण झालं गाडी बनवणाऱ्याला. मालकाने कामाच्या व्हॅनमध्ये वरून बसवलेला ट्रॅकर किंवा कॅमेरा जीडीपीआरखाली येतो. तिथे मुख्य नियम हा, की माहिती कशासाठी घेतो ते आधी सांगायचं आणि भलत्याच कामाला वापरायची नाही. डब्लिनच्या एका हॉस्पिसमध्ये टेबलावर कोरलेल्या धमकीच्या तपासासाठी सीसीटीव्ही पाहिला, आणि त्यातून एका कामगारावर जास्त ब्रेक घेतल्याची कारवाई झाली. फलक होता सुरक्षेचा. 2022 मध्ये कोर्ट ऑफ अपीलने कामगाराच्या बाजूने निकाल दिला. हाच नियम व्हॅनलाही लागू पडतो.

म्हणून तीन गोष्टी करा. ट्रॅकर काय नोंदतो, किती दिवस ठेवतो, कोण पाहतं, ते लेखी विचारा. आपल्याबद्दलच्या नोंदीची प्रत मागा. ती फुकट मिळते आणि साधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. दाद लागली नाही तर डेटा प्रोटेक्शन कमिशनकडे तक्रार करा.

आणि एक. वर्क परमिट मालकाशी बांधलेलं असतं, म्हणून समोर येईल त्या कागदावर आपण सही करतो. अशी भीतीपोटी केलेली सही ही जीडीपीआरच्या भाषेत मोकळी संमती नव्हे. वाचल्याशिवाय सही करू नका, आणि केली असेल तरी हक्क गेला असं समजू नका.

पिऊन चालवू नका. आणि न पिता चालवणाऱ्यावर कोणी चोवीस तास नजर ठेवत असेल, तर गप्प बसू नका.