रविवार दुपारचं काम

(डहाणू तालुक्यातील एका लहान ख्रिस्ती मंडळीतर्फे शिबिरात केलेले भाषण)



आमची मंडळी मोठी नाही. सगळी मिळून बावीस घरं. बहुतेक वारली, थोडे कोकणा. पाळक महिन्यातून एकदा येतात, एरवी उपासना आम्हीच चालवतो. बरीच वर्षं आमची सेवा म्हणजे आजाऱ्याला भेटायचं, मयताला खांदा द्यायचा, नाताळात पाड्यावर खाऊ वाटायचा. ते वाईट नाही. पण खाऊ वाटला तरी त्या घरची जमीन सावकाराकडंच राहते, हे ध्यानात यायला आम्हाला उशीर झाला.

सुरुवात एका म्हातारीनं केली. ती आमच्या मंडळीतली नव्हे. आमच्या पोरांना वाचता येतं असं ऐकून ती सातबारा घेऊन आली. कब्जेदार म्हणून नाव सावकाराचं. फेरफाराचा नंबर बघून नक्कल काढली, तर साल निघालं १९६८. आता १९७४चा कायदा असा आहे की १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडं गेली असेल, तर ती परत मागता येते. म्हणून फेरफाराची तारीख आधी बघायची. बाकीचं मागाहून.

तेव्हापासून उपासना सुटली की चटया टाकून आम्ही कागद वाचतो, अर्ज लिहितो. तहसीलला जायचं एसटीचं भाडं अर्पणातून. यावरून मंडळीत भांडण झालं, लपवत नाही. देवाचा पैसा कचेरीला कशाला, असं आमच्यातलेच म्हणाले.

त्याहून अवघड पुढंच होतं. प्रार्थनाघरावरचे पत्रे त्याच सावकारानं दान दिलेले. त्याचा निरोप आला, माझ्या पत्र्याखाली बसून माझ्यावरच अर्ज लिहिता? दोन रात्री बैठक चालली. तिसऱ्या दिवशी आम्हीच पत्रे उतरवले आणि बैलगाडीनं त्याच्या अंगणात नेऊन ठेवले. तो पावसाळा गवताच्या छपराखाली काढला. गळायचं खूप, पोरं हसायची.

लोक विचारतात, अर्ज लिहून घ्यायला ख्रिस्ती व्हायला लागतं का? नाही. कोणाचाही अर्ज लिहितो. उलट आम्हाला कचेरीत ऐकवलं गेलं, तुम्ही ख्रिस्ती, मग आदिवासी कुठले? तेही खोटं आहे. अनुसूचित जमातींच्या १९५०च्या आदेशात धर्माची अट नाही. वारली ख्रिस्ती झाला तरी वारलीच.

म्हातारीचा निकाल अजून लागलेला नाही. तीन तारखा पडल्या. दर तारखेला आमच्यातली दोन माणसं तिच्याबरोबर जातात, कारण एकटीला बघून साहेब जेवायला गेले असं सांगतात.

तुमच्या पाड्यात कोणाचे कागद असतील तर रविवारी दुपारी या. सातबारा आणा, फेरफाराची नक्कल असेल तर तीही. आणि कोऱ्या कागदावर अंगठा कुठंच देऊ नका, आमच्याकडंसुद्धा.