गुप्त म्हणजे राखलेले
(मंदिर जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



जीर्णोद्धाराच्या देणगी-यादीत नावांच्या रांगेत मधूनच 'गुप्तदान' असा शब्द येतो. पुढे रक्कम असते, नाव नसते. हा 'गुप्त' शब्द मोठा विचार करण्याजोगा आहे.

संस्कृतात 'गुप्' या धातूचा अर्थ रक्षण करणे असा आहे. चंद्रगुप्त म्हणजे चंद्राने रक्षिलेला, विष्णुगुप्त म्हणजे विष्णूने रक्षिलेला. जे जपायचे ते झाकून ठेवावे लागते. म्हणून 'लपलेले' हा अर्थही त्यास जडला. काठीच्या पोटात पाते दडलेले असते, ती गुप्ती. शत्रूच्या गोटातील बातमी शिवरायांपर्यंत पोहोचविणारे बहिर्जी नाईक, ते गुप्तहेर. प्रयागास गंगा-यमुना दिसतात, सरस्वती गुप्त मानतात. तरी संगम त्रिवेणीचाच म्हणवितो.

याच शब्दाने माणसाला भुलविलेही आहे. पडके देऊळ दिसले की कोणी तरी गुप्तधनाच्या हंड्याची गोष्ट काढतो आणि लोभापायी देवाखालची जमीनही खणली जाते. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तर असल्या धनासाठी अघोरी कृत्य करणे हा गुन्हाच ठरविला आहे.

मग देवळात गुप्त काय असावे? दात्याची इच्छा असेल तर त्याचे नाव. त्यामुळे मोठ्याला मिरवावे लागत नाही व लहानाला संकोचावे लागत नाही. पण दान गुप्त असले तरी हिशेब गुप्त नसावा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने हिशेब ठेवणे व तपासून घेणे विश्वस्तांवर बंधनकारक केले आहे. कायद्याहूनही मोठे बंधन दुसरे आहे. ज्याने नाव सांगितले, तो उद्या येऊन आपल्या रुपयाचे काय झाले असे विचारू शकतो. ज्याने नाव झाकले, त्याने तो हक्कच सोडला. म्हणून त्याच्या पैचा हिशेब साऱ्या गावासमोर मांडला पाहिजे.

गुप्त म्हणजे राखलेले. दात्याने नाव राखले. त्याचा विश्वास राखणे आता गावाकडे आहे.