भूकंपाविना आलेली लाट
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



समुद्राने गिळलेल्या भूमीच्या कथा अनेक देशांत आहेत. आपल्या महाभारतात द्वारका बुडते, तर ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो अटलांटिस बेटाची कथा सांगतो. त्यांत इतिहास किती, हा वाद पंडितांवर सोपवू. परंतु बेटाचा मोठा भाग समुद्रात जाणे ही आपल्या काळातही घडलेली गोष्ट आहे.

इंडोनेशियात जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या सामुद्रधुनीत क्राकाटोआ ज्वालामुखी आहे. १८८३ च्या ऑगस्टमधील स्फोटात त्या बेटाचा बराच भाग नाहीसा झाला आणि ३६ हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांतली बहुतेक लाटांमुळे. पुढे १९२७ च्या सुमारास तिथेच नवा ज्वालामुखी पाण्यावर आला. त्याचे नाव 'अनाक क्राकाटाऊ', म्हणजे क्राकाटोआचे बाळ.

२२ डिसेंबर २०१८ च्या रात्री या बाळाची नैऋत्य बाजू समुद्रात कोसळली. ३३८ मीटर उंचीचा डोंगर काही दिवसांत ११० मीटरवर आला. लाटांनी चारशेहून अधिक बळी घेतले.

आम्हा रेल्वेवाल्यांना हे कारण चटकन कळते. उतारावर सैल मातीचा भराव टाकत गेलो, तर एक दिवस तो घसरणारच. इथे राख आणि लाव्हा यांचे थर १८८३ च्या खड्ड्याच्या काठावरच साचत होते.

मग इशारा का मिळाला नाही? यंत्रणा भूकंप टिपण्यासाठी होती आणि इथे मोठा भूकंप झालाच नाही. ही बाजू कोसळली तर किनाऱ्यावर काय होईल, याचे गणित शास्त्रज्ञांनी २०१२ मध्येच मांडले होते. ते कागदावरच राहिले.

इंडोनेशियातच सिमेउलुए नावाचे बेट आहे. तिथे १९०७ च्या त्सुनामीची आठवण 'स्मोंग' या नावाने आजी-आजोबा नातवंडांना सांगत आले: जमीन हादरली, समुद्र मागे गेला, की डोंगराकडे पळा. २००४ च्या त्सुनामीत सुमारे ७८ हजार वस्तीच्या या बेटावर फक्त सात माणसे दगावली. मात्र २०१८ मध्ये जमीन हादरलीच नसल्याने हा धडाही अपुरा पडला असता.

आपल्याकडे हैदराबादचे त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून काम करीत आहे. तरीही किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी मुलांना एवढे जरूर सांगावे: समुद्र वेगळा वागू लागला, की भोंग्याची वाट पाहू नका, उंचावर जा.

गणपती बाप्पा मोरया!